सुनेचं बाळंतपण आणि माझे टाके

माझ्या सुनेच्या बाळंतपणात टाके पडले. सुनेला नाही, मला.

(हसू नका. कपाळ अजून ओढतं.)

आमची सून व्हिएतनामची. नाव लिएन. आमचा मुलगा सिद्धार्थ तिकडे दानांग नावाच्या गावात एका हॉटेलात आपल्याकडच्या जेवणाचा कुक होता. हल्ली आपली माणसं तिकडे समुद्र बघायला जातात आणि समुद्र बघून झाला की त्यांना वरणभात आठवतो. तो वरणभात सिद्धू करायचा आणि लिएन त्याच हॉटेलच्या काउंटरवर उभी असायची. मधलं मला विचारू नका, मी तिथं नव्हतो. एक दिवस व्हिडिओ कॉलवर एक मुलगी दिसली, तिनं हात जोडले आणि सिद्धू म्हणाला, "बाबा, ही तुमची सून." मी चहा पीत होतो. तो नाकातून बाहेर आला.

पुढं दोघं इकडे आली. सिद्धू माथेरानच्या एका हॉटेलात लागला आणि लिएन आमच्याजवळ राहिली. आमचं गाव कशेळ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. सून आली त्या दिवशी अख्खा गाव अंगणात गोळा! आता हिच्याशी बोलायचं काय आणि कसं, या विचारानं आम्ही नवरा-बायको घामाघूम. लिएननं घरात पाऊल टाकलं, भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी बुद्धाची तसबीर बघितली आणि तिचा चेहरा असा फुलला की जणू माहेरचं कोणी भेटलं. तिथंच गुडघे टेकून तिनं वंदन केलं. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, पदरानं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बोलता येत नाय तर नसू दे. मानूस आपलंच हाय!"

बोलायलाही लवकरच यायला लागलं. गुरू सुमन. घोटाळा तिथंच झाला. सुमन मला "अहो" म्हणते. लिएनला वाटलं, ते माझं नाव आहे! एका सकाळी ती चहाचा कप घेऊन समोर उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "अहो, चहा घ्या." मी इतका दचकलो की कप तिच्याकडून घ्यायचा सोडून मीच उठून उभा राहिलो. सिद्धूनं तिला समजावलं, "सासऱ्याला बाबा म्हणायचं." तिनं मान डोलावली, तो दिवस "बाबा, बाबा" केलं आणि दुसऱ्या दिवशी परत, "अहो, आंघोळीचं पाणी काढलंय." शेजारणी पदर तोंडात कोंबून हसायच्या. शेवटी मीच नाद सोडला.

मी निवृत्त एसटी कंडक्टर. सगळी नोकरी लोकांना "पुढं सरका" सांगण्यात गेली. त्यामुळे माझी अशी पक्की समजूत आहे की जगातल्या कुठल्याही माणसाला कुठूनही कुठेही कसं पोचवायचं, हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही. लिएनला दिवस राहिले तेव्हा सगळा कारभार मी अर्थातच स्वतःच्या हातात घेतला.

"फॉरेनरला सरकारी दवाखान्यात घेत नाहीत," मी जाहीर केलं.

"कोन म्हंतं?" सुमननं विचारलं.

"नियम हाय."

"कुठं लिवलाय?"

"दिल्लीला!"

हे बोलणं चाललं असताना गावची आशाताई, मंगल, अंगणात उभी होती. तिच्या कानातून गर्भार बाईची बातमी आजवर कधी सुटलेली नाही. ती म्हणाली, "काका, पोटात बाळ वाढायला पासपोर्ट लागतो काय? गरोदर बाई म्हंजी गरोदर बाई. उद्या तपासणीला चला."

माझा बेत पनवेलच्या मोठ्या खासगी हॉस्पिटलचा होता. तिथं लिफ्ट आहे. पण लिएननं एकदम मंगलची बाजू घेतली. "मला सरकारी पायजे. माझी आई सरकारी, मावशी सरकारी, मी सरकारी. समदे जिवंत हाय!"

पनवेल रद्द झालं.

तपासणीला मी बरोबर गेलो. (कोणी बोलावलं नव्हतं.) कर्जतला, तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात, खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, "नाव?"

"लिएन."

"लीना," त्यांनी लिहिलं. "मूळ गाव?"

"दानांग," मी सांगितलं.

"धानंग... म्हणजे मुरबाडकडं आलं का?"

"नाही, जरा पुढं."

"शहापूर तालुका?"

"आणखी पुढं."

"अहो काका, आणखी पुढं म्हणजे नाशिक लागलं!"

"समुद्र ओलांडून," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं, लिएनकडे नीट बघितलं आणि मायेनं विचारलं, "नेपाळ का?" नेपाळला समुद्र नाही, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी स्वतः व्हिएतनाम नकाशात जपानच्या वर शोधला होता, म्हणून गप्प बसलो.

आतल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी लिएनला तपासलं आणि शांतपणे सांगितलं, "परदेशी नागरिक असल्या तरी बाळंतपण इथं होईल. पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स द्या. एखाद्या योजनेचा लाभ मिळणार नाही, पण उपचार कोणाचे थांबत नाहीत. फक्त परदेशी पेशंट दाखल झाला की आम्हाला वर कळवावं लागतं. कदाचित पोलीस येऊन दोन प्रश्न विचारतील, इतकंच."

पोलीस! बाळंतपणात सुईण ऐकली होती, पोलीस पहिल्यांदा ऐकत होतो. त्या दिवसापासून मी लिएनची तालीम घ्यायला लागलो. "हे बघ लीनू, पोलिसानं काही विचारलं तर घाबरायचं नाय. खरं सांगायचं. थोडक्यात सांगायचं. लांबण लावायची नाय."

"खरं. थोडक्यात," लिएन मान डोलवायची.

ही माझी शिकवण तिनं पुढं किती मनावर घेतली, ते येईलच.

वैशाखातली गोष्ट. सकाळची वेळ. सिद्धू माथेरानला कामावर. सुमन चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी ओसरीवर पान लावत होतो. परसात आमचं न्हाणीघर आहे, त्याला पत्र्याचं दार. लिएन आत आंघोळीला गेलेली. तेवढ्यात आतून आवाज आला, "आं..."

मी ताडकन उठलो. पळत परसात गेलो. दाराला कान लावून विचारलं, "लीनू, काय झालं गं?"

बाहेरून मी कान लावलाय हे आत तिला दिसणार कसं? तिनं दार ढकललं. व्हिएतनामची पोरगी दिसायला किरकोळ, पण हात शेतकऱ्याच्या लेकीचा! पत्र्याची कड बरोबर माझ्या कपाळावर बसली. ठण्ण! मला एकदम गार वाटलं. मग कोमट वाटलं. हात लावला, बघितलं, तर हात लाल.

मला रक्त बघवत नाही. मी अळूच्या वाफ्यात आडवा झालो.

पुढचं सुमननं सांगितलेलं. लिएन केस पुसत बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "आई, बाळ येतं. अहो पडले." सुमननं एकीकडे कळा देणारी सून बघितली, दुसरीकडे अळूत रक्तबंबाळ नवरा बघितला आणि पिठाच्या हातानं एकशेआठला फोन लावला.

"लवकर या! डिलिव्हरी हाय! रगत वाहतंय! मानूस बेशुद्ध पडलाय!"

पलीकडून विचारणा झाली, "ताई, शांत व्हा. डिलिव्हरी बाईची की माणसाची?"

"दोगांची!" सुमन ओरडली आणि तिनं फोन ठेवला.

अँब्युलन्स आली तेव्हा मी शुद्धीवर येऊन बाजेवर पडलो होतो, कपाळाला सुमनचा जुना परकर गुंडाळलेला. लिएन दारात उभी. वेणी घातलेली, हातात पिशवी, कळ आली की चौकट धरायची, गेली की हसायची. अँब्युलन्समधले डॉक्टर उतरले, त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"पेशंट कोण?"

लिएननं माझ्याकडे बोट केलं. "आधी हे."

"आणि डिलिव्हरी?"

"ती मी. नंतर."

मी "नको, नको, मी जीपनं येतो" म्हणत उठायला गेलो आणि पुन्हा भोवळ येऊन बाजेवर कोसळलो. झालं! स्ट्रेचरवर मी. शेजारच्या बाकावर, कळा देत, माझी सून. सुमन आणि मंगल मागून जीपनं येतो म्हणाल्या, कारण बाळाचे कपडे, धुपाटणं, डिंकाचे लाडू आणि माझा चष्मा हे सगळं अँब्युलन्समध्ये मावेना.

रस्त्यात लिएनला कळ आली की ती माझा हात पकडायची. हात म्हणजे पक्कड! ती तोंडातून ब्र काढत नव्हती, मी मात्र प्रत्येक कळेला "आई गं!" करत होतो. पुढं बसलेला ड्रायव्हर काळजीनं म्हणाला, "डॉक्टर, कळा फारच जवळ-जवळ यायला लागल्या वाटतं."

"त्या आजोबांच्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

कशेळ्याला बाजार भरलेला. गाडी अडकली. काचेतून लोकांनी डोकावून बघितलं. "आरं, ह्यो आपला मधू कंडक्टर!" "काय झालं रं?" "डिलिव्हरीला चाललाय!" मी डोळे मिटून घेतले. बाजारात मेल्याची बातमी गेली असती तरी परवडलं असतं.

हॉस्पिटलात पोचलो. आम्हाला आत घेतलं. तिथल्या सिस्टर पोक्त, करड्या आवाजाच्या. त्यांनी विचारलं, "ह्या बाईंचे नातेवाईक कोण?"

"मी," मी स्ट्रेचरवरून हात वर केला.

"आणि ह्या आजोबांचे?"

"मी," लिएननं हात वर केला.

सिस्टर थांबल्या. "तुमचं एकमेकांशी नातं काय?"

लिएननं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्पष्ट, स्वच्छ मराठीत सांगितलं, "हे माझे अहो."

सिस्टरनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. मग लिएनच्या पोटाकडे बघितलं. मग परत माझ्या केसांकडे. मी घाईघाईनं तोंड उघडलं, "नाय हो सिस्टर, मी हिचा..."

"तुम्ही बोलू नका! डोक्याला मार आहे!" सिस्टर कडाडल्या. "पडून राहा. सगळं करून बसायचं आणि आता बोलायचं!"

लिएनला तपासलं. अजून वेळ होता, म्हणून तिला जरा फिरायला सांगितलं. ती वऱ्हांड्यात फेऱ्या मारायला लागली. मी टाके घालणाऱ्या डॉक्टरांची वाट बघत खाटेवर. शेजारच्या ट्रेमध्ये सुई. मी तिच्याकडे बघत होतो, ती माझ्याकडे.

तेवढ्यात हवालदार आले. एक तर परदेशी पेशंट दाखल, त्यात डोकं फुटलेला माणूस, म्हणजे एका फेरीत दोन कामं! त्यांनी माझ्या डोक्याकडे बघून विचारलं, "कोणी मारलं?"

मी उत्तर जुळवत होतो, तर वऱ्हांड्यातून फेरी मारत आलेली लिएन दारात थांबली. पोलीस दिसला. तालीम आठवली. ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मी मारलं."

खरं आणि थोडक्यात!

हवालदार चाट पडले. "तुम्ही? कशानं?"

"दार." एवढं बोलून तिला कळ आली. तिनं चौकट धरली, श्वास घेतला, कळ गेली, आणि ती पुढच्या फेरीला निघून गेली.

हवालदार माझ्यावर वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, घाबरू नका. घरात नेहमी असं होतं का?"

"नाही हो! आज पहिल्यांदाच!"

"सगळे असंच म्हणतात," ते उसासा टाकून म्हणाले. "या वयात, परदेशातली, एवढी तरुण... जरा विचार करायला हवा होता."

मी बोलायला जातो तर सिस्टर डोळे वटारतात. गप्प बसावं तर सून आत जाते! मला दरदरून घाम फुटला. आणि अशा वेळी एक प्रसन्न चेहऱ्याच्या बाई हातात रंगीत चित्रांचा तक्ता घेऊन माझ्या खाटेशी आल्या. त्या कुटुंब नियोजनाचा सल्ला देणाऱ्या मॅडम होत्या. मला काय माहीत? मला वाटलं, टाक्यांबद्दल समजावायला आल्यात.

"काका, आता यापुढं काय ठरवलंय तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"यापुढं सांभाळून राहायचं," मी म्हणालो.

"छान! बऱ्याच पुरुषांना भीती वाटते. पण आता पुरुषांसाठी बिनटाक्याची पद्धत आहे. दुखत नाही. लगेच घरी जाता येतं."

बिनटाक्याची! मी ट्रेमधल्या सुईकडे बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. "मॅडम, अगदी वेळेवर आलात! हे मला आधी कोणी का नाही सांगितलं? तीच करा. आत्ताच करा!"

मॅडमचे डोळे भरून आले. त्या आसपासच्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, "बघा! काकांकडून शिका! या वयातसुद्धा स्वतःहून पुढं आलेत!" पलीकडच्या खाटेवरच्या प्लास्टरवाल्या माणसानं मला चक्क नमस्कार केला. मला कळेना, कपाळाच्या खोकेचं एवढं कौतुक कशाला!

आणि सुमन आली. एका काखेत बोचकं, एका हातात लाडवाचा डबा, मागून मंगल. मला बघून तिनं हंबरडाच फोडला. "अहो! काय होऊन बसलं हो हे!"

मॅडमनी तिला थांबवलं. "ताई, तुम्ही ह्यांच्या कोण?"

"मी बायको ह्यांची!"

मॅडमच्या हातातला तक्ता खाली पडला. "मग... त्या वऱ्हांड्यातल्या?"

सिस्टर वळल्या. हवालदारांनी बंद केलेलं पेन परत उघडलं. "म्हणजे दोन लग्नं? आजोबा, हे नव्हतं सांगितलं तुम्ही! ताई, तुम्ही पहिल्या की दुसऱ्या?"

"कसली पयली नि दुसरी!" सुमनचा आवाज चढला. "एकुलती एक हाय मी! नि ती माझी सून हाय! ह्यांच्या तोंडात काय भाकर कोंबली होती काय, सांगायला?"

"सिस्टरनी बोलू नको सांगितलं," मी म्हणालो.

मग मंगलनं सगळ्यांना नीट उलगडून सांगितलं. अहो म्हणजे कोण, दार म्हणजे कुठलं, मुलगा कुठं. सिस्टर ऐकता-ऐकता भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. हवालदार मिशीआडून हसत "जपून राहा, दारापासून" एवढं म्हणून गेले. मॅडमनी तक्ता उचलला आणि बिनटाक्याची पद्धत म्हणजे नेमकं काय, ते मला सांगितलं.

मी टाके घालून घेतले. हूं की चूं केलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. त्यानंतर मात्र लिएनला आत घेतलं आणि बराच वेळ कोणी बाहेर येईना. मग डॉक्टर मॅडम आल्या. चेहरा गंभीर. "बाळाचे ठोके मधेच कमी होतायत. आम्ही थोडा वेळ बघतो. नाहीतर पुढं मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागेल. अँब्युलन्स तयार ठेवलीय. त्यांचे मिस्टर कुठायत?"

सिद्धूचा फोन लागत नव्हता. माथेरानवरून खाली यायचं म्हणजे मोटार नाही. घोडा, नाहीतर पाय. आणि इथं मी, सगळ्या जगाला पोचवणारा माणूस, डोक्याला पट्टी बांधून बाकावर. सुमन माझ्याशेजारी येऊन बसली. ती एरवी गप्प बसणारी बाई नाही. ती गप्प बसली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

त्यात तिच्या पिशवीतला लिएनचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मी घाईत उचलला. समोर लिएनची आई. ती पोरीची चौकशी करायला हसत-हसत आलेली आणि समोर कोण? पट्टी बांधलेला, शर्टावर रक्त सांडलेला मी! ती जी किंचाळली, ते दोन देशांत ऐकू गेलं असेल. मी फोन सुमनकडे दिला. सुमनला तिची भाषा येत नाही, तिला सुमनची येत नाही. सुमननं नुसता हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "आत हाय लेक. मी हाय हितं. मी हाय." पलीकडची बाई हळूहळू किंचाळायची थांबली. तिनंही हात छातीवर ठेवला. मग दोघी काही न बोलता एकमेकींकडे बघत बसल्या, फोन चालू ठेवून. मी दुसरीकडे तोंड फिरवलं. टाके ओढत होते म्हणून डोळ्यांत पाणी आलं होतं. (असं मी सगळ्यांना सांगितलं.)

आणि आतून आवाज आला. आधी सिस्टरचा, "शाब्बास, शाब्बास!" आणि मग बारीक, चिडका, खणखणीत, "ट्यां!"

सुमननं फोन तसाच दरवाज्याकडे धरला. व्हिएतनाममध्ये रडारड, इकडे रडारड, मंगल माझ्या हाताला धरून नाचते आहे, प्लास्टरवाला माणूस टाळ्या वाजवतोय. डॉक्टर मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "मुलगी. दोघी छान आहेत." मी आनंदानं उठून उभा राहिलो आणि तिसऱ्यांदा भोवळ येऊन खाली बसलो.

उशिरानं निरोप मिळालेला सिद्धू दुपारी आला. घोड्यावरून दस्तुरी नाका, तिथून टॅक्सीनं नेरळ, नेरळहून कोणाच्या तरी मोटरसायकलवर कर्जत. नखशिखान्त लाल माती. सिस्टरनी त्याला दारातच अडवलं. "आता हा कोण?"

"मी नवरा."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो. "हाच."

डोक्याचा मार म्हणून मलाही देखरेखीखाली ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. मला वाटलं, परक्या देशात, परक्या लोकांत पोर भेदरली असेल. बघतो तर लिएन मांडी घालून बसलेली. एका बाजूला भालिवडीची बाळंतीण, दुसऱ्या बाजूला डोंगरावरच्या वाडीतली. प्रत्येकीच्या खाटेखाली सासू, चटई, डबे. आमची सून एकीला सांगत होती, "आमच्यात पण असंच. खाट बाळाची, खाली सगळं घर." मग मला बघून म्हणाली, "अहो! आत नाय यायचं. इथं बायका."

मी गुमान परत फिरलो.

लिएनला घरी सोडायच्या दिवशी कळलं की बाळ-बाळंतिणीला सरकारी गाडी घरापर्यंत नेऊन सोडते. मला कोण आनंद झाला! मी पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी गाडीत चढून बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "काका, आई, बाळ आणि एक नातेवाईक. बास."

"मग मीच तो नातेवाईक," मी म्हणालो.

सुमननं नुसतं बघितलं. मी उतरलो. सिद्धू बाकीचं सामान घेऊन मित्राच्या मोटरसायकलवर गेला. गाडीच्या काचेतून नात जांभई देताना दिसली आणि गाडी निघून गेली. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला घरी पोचवलं, तो कर्जत स्टँडवर एकटा उभा! डोक्याला पट्टी, हातात रिकामा लाडवाचा डबा.

कशेळ्याकडची एसटी आली. खचाखच भरलेली. चढलो, दांडा धरून उभा राहिलो. कंडक्टर माझ्याच हाताखाली शिकलेला. तो मागून ओरडला, "काका, जय भीम! झाली का सुटका?"

"झाली," मी म्हणालो. "मुलगी झाली."

गाडीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कशेळ्याच्या बाजारातली बातमी काही आमच्या गावापुरती राहिली नव्हती. पुढच्या बाकावर एक म्हातारी भाजीची पाटी पायाशी घेऊन बसली होती. तिनं माझी पट्टी बघितली, माझा उतरलेला चेहरा बघितला, पाटी बाजूला सारली आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

"बस रं बाबा हितं," ती म्हणाली. "ओल्या बाळंतिनीनं उभं ऱ्हाऊ नाय."

मी बसलो.